नखाखाली उरलेला माणूस

धान कापणीला येते त्या सुमारास, रात्रीच्या वेळी, गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडून नागझिऱ्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर कधी कधी एक साप आडवा येतो. अंगावर एक पट्टा पिवळा, एक काळा. पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा उंच, शेपटीचं टोक बोथट. गाडीचा उजेड पडला तरी तो घाई करत नाही. हा पट्टेरी मण्यार. महाराष्ट्रात तो दिसतो तो मुख्यतः आपल्या पूर्व विदर्भात. विष जहाल, पण स्वभाव इतका शांत की दिवसा डिवचला तर उलटून चावायचं सोडून बहुधा वेटोळ्यात डोकं लपवतो. धानाच्या बांधीच्या धुऱ्यात एखादं बीळ मिळालं आणि खायला दुसरे साप मिळाले, की त्याचं भागतं.

या सापाच्या रक्तातला एक शब्द वाचता वाचता आपल्या देशानं खुनी ओळखायची विद्या मिळवली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं होतं. पण सापाकडे जाण्याआधी पोलीस ठाण्यातल्या एका खोलीत जाऊ.

आपल्याकडे एखाद्या खुनाचा तपास लागत नाही तेव्हा पोलीस न्यायालयाकडे 'अ समरी' मागतात. गुन्हा खरा आहे, घडला आहे, पण करणारा सापडत नाही, असा त्याचा अर्थ. फिर्याद खोटी निघाली तर ब समरी आणि खोटीही नाही, खरीही नाही, गैरसमजातून झाली, तर क समरी. इंग्रजी मालिका जिला कोल्ड केस म्हणतात तिचं आपल्या ठाण्यातलं नाव अ समरी. 'फाईल समरीत गेली' असं जुने हवालदार म्हणतात. पण समरी मंजूर झाली म्हणून गुन्हा संपत नाही. खुनाला मुदत नसते. चाळीस वर्षांनी पुरावा हाती आला तरी तपास पुन्हा उघडता येतो. फाईल कपाटात जाते आणि रक्ताचा सदरा, दोरीचा तुकडा, केसांची पुडी, असं सगळं लाखेच्या सीलसह मुद्देमालाच्या खोलीत जातं. माझा जीव गुंतला आहे तो या खोलीत.

महाराष्ट्रात महाविद्यालयाशी जोडलेले खून म्हटले की एका पिढीला अजून एकच नाव आठवतं, जोशी-अभ्यंकर. पुण्याच्या टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसं मारली. पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातला मुलगा होता. त्याला मारून, पिंपात घालून त्यांनी सारसबागेजवळच्या तळ्यात टाकलं, आणि मारण्याआधी त्याच्याकडून 'मी घर सोडून जातो आहे' अशी चिठ्ठी लिहून घेतली होती. त्या चिठ्ठीमुळे तो खून सव्वा वर्ष खून म्हणून कुणाला दिसलाच नाही. पुढे जोशी कुटुंब, मग अभ्यंकर कुटुंब. पोलिसांच्या कुत्र्यांना माग लागू नये म्हणून घरात अत्तर शिंपडलेलं होतं. संध्याकाळी पुण्यातले रस्ते ओस पडत. अखेर शेवटच्या खुनातलं, लोखंडी शिडीला नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं प्रेत नदीत वर आलं. मग संशय, उलटतपास, एका मित्राचं फुटणं आणि माफीचा साक्षीदार, या वाटेनं गुन्हा उघड झाला. म्हणजे माणसं बोलली म्हणून उलगडलं. वस्तूंना फारसं बोलता आलं नाही. त्या काळी रक्ताच्या डागावरून फार तर रक्तगट कळे, आणि एकट्या ओ गटाचे लोक मोजायला गेलं तर भारतात दर तीन माणसांमागे जवळपास एक निघेल.

चौघांना येरवड्यात फाशी झाली २७ नोव्हेंबर १९८३ ला. या तारखेशी मी थबकतो. कारण बरोबर सहा दिवस आधी, २१ नोव्हेंबर १९८३ ला, इंग्लंडमध्ये लेस्टर शहराजवळच्या नार्बरो नावाच्या गावात पायवाटेवर पंधरा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. येरवड्यात जुन्या पद्धतीच्या तपासाचा शेवट होत होता आणि नार्बरोच्या त्या पायवाटेवर नव्या पद्धतीची सुरुवात. ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. वीर्याचा नमुना तेवढा जपून ठेवला होता आणि तो वाचायची विद्या अजून जन्मायची होती.

ती जन्मली त्याच गावापासून काही मैलांवर, लेस्टर विद्यापीठात. सोमवार, १० सप्टेंबर १९८४. सकाळी नऊच्या सुमारास ॲलेक जेफ्रीझ यांनी अंधाऱ्या खोलीत एक क्ष-किरण फिल्म रसायनातून बाहेर काढली. ते खुनाचा शोध घेत नव्हतेच. स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक शोधत होते, आणि त्यासाठी त्यांनी सील या समुद्री प्राण्याच्या जनुकाची मदत घेतली होती. त्या वाटेवर त्यांना आपल्या डीएनएत ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा सापडला. फिल्मवर काळ्या पट्ट्यांची रांग उमटली होती, दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखी. प्रत्येक माणसाची रांग वेगळी. मुलाच्या रांगेतला प्रत्येक पट्टा आईच्या नाहीतर बापाच्या रांगेत सापडायचाच. अर्ध्या तासात त्यांना कळून चुकलं की ही माणसाची ओळख आहे.

३१ जुलै १९८६ ला नार्बरोच्या शेजारच्या गावात आणखी एका पंधरा वर्षांच्या मुलीचा तसाच खून झाला. पोलिसांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारा सतरा वर्षांचा एक मुलगा पकडला. त्यानं दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली. पहिलाही त्याच्या नावावर लागावा म्हणून पोलीस जेफ्रीझ यांच्याकडे गेले. उत्तर आलं ते असं: दोन्ही खून एकाच माणसाचे, आणि तो माणूस हा मुलगा नव्हे. गुन्ह्याच्या तपासात डीएनएनं जगात पहिलं काम केलं ते एका निरपराधाला सोडवण्याचं. कबुली दिलेल्या निरपराधाला, हे विशेष. कबुलीजबाबावर फार विसंबणाऱ्या आपल्या तपासाच्या संस्कृतीत हे कोरून ठेवायला हवं असं मला वाटतं.

मग पोलिसांनी आसपासच्या गावांतल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचं रक्त घेतलं. एकाचंही जुळलं नाही. पुढे दारूच्या गुत्त्यात एक माणूस बोलून गेला की त्यानं आपल्या सोबत्याच्या नावानं स्वतःचं रक्त दिलं होतं. तो सोबती म्हणजे बेकरीत काम करणारा कॉलिन पिचफोर्क. सप्टेंबर १९८७ मध्ये तो पकडला गेला, जानेवारी १९८८ मध्ये जन्मठेप झाली. पहिल्या मुलीचा नमुना घेतला गेला तेव्हा जेफ्रीझ यांच्या शोधाला दहा महिने अवकाश होता. कुणीतरी तो फेकून दिला असता तर?

आता आपल्या सापाकडे.

जौनपूरजवळच्या एका खेड्यातला लालजी सिंह नावाचा तरुण बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर काम करत होता. सापांमध्ये नर-मादी ठरण्याची रीत आपल्या उलट आहे. माणसांत पुरुषाकडे दोन वेगळी गुणसूत्रं असतात, एक्स आणि वाय. सापांत मादीकडे दोन वेगळी असतात, झेड आणि डब्ल्यू. मग डब्ल्यूवर असं काय लिहिलेलं असतं की अंड्यातून मादी निघते? हा प्रश्न घेऊन ते सत्तरच्या दशकात एडिंबराला गेले. पट्टेरी मण्यारच्या मादीचा डीएनए वेगळा करून जड क्षाराच्या द्रावणात प्रचंड वेगानं फिरवला की त्यातला थोडासा भाग बाजूला पडतो. ताक घुसळल्यावर लोणी वेगळं व्हावं तसा. या बाजूला पडलेल्या भागाला त्यांनी नाव दिलं बीकेएम. त्यातला बी आणि के म्हणजे या सापाचं इंग्रजी नाव. तो भाग वाचला तर त्यात मुख्यतः एकच चार अक्षरी शब्द जपमाळ ओढल्यासारखा पुन्हा पुन्हा आलेला: जी-ए-टी-ए. गाटा, गाटा, गाटा.

आणि हाच शब्द माणसातही सापडला. पक्ष्यांत, उंदरात, आपल्यात. डीएनएची लिपी चार अक्षरांची, ए, टी, जी, सी. तीनशे कोटी अक्षरांच्या त्या पोथीत हा शब्द ठिकठिकाणी रांगेनं बसलेला आहे. एखाद्या ठिकाणी तुम्हाला आईकडून तो सात वेळा आलेला असेल आणि वडिलांकडून अकरा वेळा. तुमच्या शेजाऱ्याकडे त्याच ठिकाणी नऊ आणि दहा. लालजी सिंह १९८७ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात, म्हणजे सीसीएमबीत, रुजू झाले. त्यांनी बीकेएमचा तुकडा किरणोत्सारी करून माणसाच्या डीएनएवर सोडला. तो आपल्या जोडीदारांना जाऊन चिकटला आणि फिल्मवर पट्टे उमटले. इंग्लंडात सीलच्या वाटेनं जे गवसलं ते इकडे सापाच्या वाटेनं. जेफ्रीझ यांचं तंत्र विकत न घेता भारताकडे स्वतःचं तंत्र आलं, तेही अशा प्राण्यातून जो दिसला की आपण काठी शोधतो.

१९८९ मध्ये केरळातल्या तेल्लिचेरीच्या पितृत्वाच्या खटल्यात ही चाचणी पहिल्यांदा न्यायालयानं मानली. १९९१ मध्ये माजी पंतप्रधानांचा बळी घेणाऱ्या श्रीपेरुंबुदूरच्या स्फोटानंतर उरलेल्या अवशेषांची ओळख पटवायला तिचा उपयोग झाला. आणि १९९६ मध्ये दिल्ली विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलीचा, महिनोन्महिने तिचा पाठलाग करणाऱ्या तिच्याच विधी शाखेतल्या एकानं खून केला, तेव्हा सीसीएमबीचा अहवाल त्याच्याविरुद्ध गेला. त्याचे वडील पोलीस खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. नमुन्यांच्या हाताळणीवर शंका घेऊन १९९९ मध्ये सत्र न्यायालयानं तो अहवाल बाजूला ठेवला आणि आरोपी सुटला. तो वकिली करू लागला. सात वर्षांनी, ऑक्टोबर २००६ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं तोच अहवाल ग्राह्य मानून त्याला दोषी ठरवलं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, पण दोष कायम ठेवला. दोन्ही न्यायालयांपुढे डीएनए एकच होता. बदलला तो नमुना कुणी घेतला, कुणी सील केला, कुठे ठेवला, या प्रश्नांच्या उत्तरांवरचा विश्वास.

तंत्र मात्र तोवर कुठल्या कुठे गेलं होतं. जेफ्रीझ यांच्या पद्धतीला रक्ताचा चांगला रुपयाएवढा डाग लागे. कॅरी मलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला १९८३ मध्ये डीएनएच्या नकला काढायची युक्ती सुचली होती, तिनं सगळं पालटलं. डीएनए तापवायचा, त्याच्या दोन दोऱ्या सुट्या होतात. थंड करायचा, प्रत्येक दोरीवर नवी जोडीदार दोरी विणली जाते. एकाचे दोन, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ ठेवत जाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, तसंच हे. तीस वेळा दुप्पट केलं की एका तुकड्याचे १०७ कोटी होतात, आणि याला लागतात दोन-तीन तास. त्यामुळे आता घामाचा पुसट डाग पुरतो, दाराच्या कडीला लागलेल्या मूठभर पेशी पुरतात. प्रयोगशाळा वीस-बावीस ठिकाणची रांग मोजते, आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी मोजायचा शब्द कुठला? तोच. गाटा, किंवा त्याचंच एखादं अक्षर पुढेमागे सरकलेलं रूप. नागपूरला धंतोलीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथल्या यंत्राच्या पडद्यावर आकडे उमटतात, सात आणि अकरा, नऊ आणि दहा, ते बहुतांशी मण्यारच्या त्या जपमाळेचेच मणी आहेत. एकाच बीजांडातून झालेली जुळी भावंडं सोडली तर सगळे आकडे जुळणारी दुसरी व्यक्ती पृथ्वीवर मिळणं जवळजवळ अशक्य.

पण जुळवायला समोर कुणी संशयित तर हवा. तोच नसेल तर?

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात आणि आसपास १९७३-७४ मध्ये काही तरुणींचे खून झाले. फेब्रुवारी १९७३ मध्ये विद्यापीठामागच्या टेकडीवर एक एकवीस वर्षांची मुलगी मृत सापडली. तिनं तिथूनच पदवी घेतली होती आणि कायद्याच्या ग्रंथालयात नोकरी धरली होती. वर्षभरानं तेवढ्याच वयाची दुसरी, रस्त्याकडेच्या चरात. दोन्ही फायली पंचेचाळीस वर्षं बंद. त्या काळच्या कुणीतरी पहिल्या मुलीच्या नखांखालचा मळ काढून ठेवला होता. तिनं मरताना हल्लेखोराला ओरबाडलं होतं. १९७३ मध्ये त्या मळाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. डीएनएवरून माणूस ओळखता येईल हे जगात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरी तो ठेवला गेला, पुडीत, नंबर घालून.

२०१८ मध्ये त्यातून डीएनए मिळाला. सरकारी नोंदींत त्याचा धनी नव्हता. मग तपास करणाऱ्यांनी वंशावळीचा मार्ग धरला. हौस म्हणून आपली पाळंमुळं शोधणारे लाखो लोक आपला डीएनए वाचून घेऊन खुल्या साठ्यात टाकतात. त्यात वीस-बावीस ठिकाणांऐवजी सहा-सात लाख ठिकाणं वाचलेली असतात. सख्ख्या भावंडांत निम्मा डीएनए सारखा, चुलत-मावस भावंडांत आठवा हिस्सा, आणि पणजोबांचेही वडील एक असलेल्या लांबच्या भावंडांत शेकडा एकाहूनही कमी. पण तेवढा धागाही दिसतो. त्या धाग्यावरून मागे त्या खापरपणजोबांपर्यंत जायचं, तिथून पुन्हा फांदी फांदी खाली यायचं, जन्माच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं चाळत, आणि त्या वर्षी त्या गावात राहणारा योग्य वयाचा पुरुष कोण ते पाहायचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन गेट्रू नावाचा चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा पकडला गेला. एका खुनात ज्यूरीनं २०२१ मध्ये दोषी धरलं, दुसरा त्यानं २०२३ मध्ये स्वतः कबूल केला.

हे आपल्याकडे होईल का, असं मला विचारलं तर मी लगेच मान डोलावणार नाही. तसा खुला साठा आपल्याकडे नाही, आणि आपल्या चुलत्यानं हौसेनं दिलेल्या थुंकीवरून पोलीस आपल्या दारात यावेत की नाही हा प्रश्न लहान नाही. डीएनएच्या वापराचं नियमन करणारं विधेयक संसदेत २०१९ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. दुसरी अडचण आपल्या घरांतली. जिथे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत पिढ्यान्‌पिढ्या आहे, जिथे ठरावीक कुळांतच सोयरिकी होतात, तिथे एकच माणूस दोन-तीन बाजूंनी नातेवाईक लागतो. डीएनए पाहून चुलतभाऊ वाटावा आणि तो निघावा चार पिढ्या लांबचा. पाश्चात्त्यांचं गणित इथे जसंच्या तसं चालवलं तर भलत्याच वाड्यापुढे गाडी उभी राहील. ते नव्यानं मांडावं लागेल, आणि ते आपल्याच माणसांनी मांडायला हवं. तोवर आपल्याकडच्या जुन्या फायली उघडायचं काम बोटांचे ठसे करत आहेत. महाराष्ट्र पोलिसांनी ठशांच्या जुन्या कागदी पत्रिका संगणकात घातल्या, अॅम्बिस नावाच्या प्रणालीत, आणि आता कित्येक वर्षांपूर्वी कपाटावर उमटलेला ठसा कालच्या किरकोळ चोरीत पकडलेल्याच्या बोटाशी आपोआप ताडला जातो.

आपल्या मातीत किती जुनं बोलू शकतं याचा एक दाखला मला सोडवत नाही. पंजाबातल्या अजनाळ्याला २०१४ मध्ये एका जुन्या विहिरीतून मानवी सांगाडे निघाले. १८५७ मध्ये उठाव केलेल्या २८२ शिपायांना मारून विहिरीत टाकल्याचं एका इंग्रज अधिकाऱ्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं. पण कुणी म्हणे ते फाळणीतले बळी. वैज्ञानिकांनी दातांतला डीएनए काढला. दाताची आतली पोकळी म्हणजे निसर्गानं दिलेली सीलबंद डबीच. दातांच्या आवरणातल्या ऑक्सिजनवरून माणूस लहानपणी कुठलं पाणी प्यायला तेही कळतं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: ही माणसं पंजाबची नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातली आहेत. एकशे पासष्ट वर्षांनी त्यांचा मुलूख सापडला.

विहिरीवरून तलाव आठवतो. गोंदिया-भंडाऱ्यात तलाव मोजायला बसलं तर दिवस जाईल. कोहळी समाजानं बांधलेले, पुढे मालगुजारांकडे आलेले, आता ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो ते. गावाचं धान त्यांच्यावर, गावाची मासोळी त्यांच्यात, आणि दुर्दैवानं कधी कधी प्रेतही तिथेच सापडतं. मग गावात कुजबुज: बुडून मेला की मारून टाकला? इथे डीएनएच्या आधीची एक विद्या कामी येते, आणि ती मला डीएनएइतकीच नवलाची वाटते. तलावाच्या पाण्यात डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती असतात. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि नाव अगदी नेमकं आहे, कारण प्रत्येकीचं कवच कुंकवाच्या करंड्यासारखं, खाली डबी, वर झाकण, आणि तेही काचेचं. वाळूत असते त्या सिलिकाचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावरची नक्षी पाहावी, कुठलाही सोनार खाली बघेल.

जिवंत माणूस बुडतो तेव्हा श्वासासाठी धडपडतो, पाणी फुप्फुसात जातं. हे करंडे फुप्फुसातून रक्तात शिरतात आणि चालू असलेलं हृदय त्यांना थेट हाडांच्या मगजापर्यंत पोचवतं. मेलेल्याला पाण्यात टाकलं तर फुप्फुसात पाणी झिरपेल, पण हृदय थांबलेलं आहे, मगजापर्यंत न्यायला कुणी नाही. म्हणून शवविच्छेदनात मांडीच्या हाडातला मगज घेतात, तीव्र आम्लात तो विरघळवतात. सगळं जातं, काच उरते. मग त्याच तलावातल्या पाण्याशी ताडून पाहतात, कारण प्रत्येक पाण्यातली करंड्यांची जमात निराळी. चाचणी अचूक नाही. पाण्यात डायटम कमी असले तर बुडालेल्यातही ते सापडत नाहीत, आणि भांडं नीट धुतलं नसेल तर नसलेले दिसतात. तरीही मेलेल्याच्या हाडात त्याच्या शेवटच्या श्वासाची काच सापडते, हे मनात आलं की मी तलावाकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

नवलाच्या भरात फसगतही होते. २००७ मध्ये जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका पोलीस शिपाई तरुणीचा खून झाला. तिथे जो डीएनए मिळाला तोच जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांत सापडला होता. खून, घरफोडी, सगळीकडे तीच एक बाई. पोलीस दोन वर्षं त्या चेहरा नसलेल्या बाईमागे. २००९ मध्ये उलगडा झाला की ती बाई म्हणजे नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातली एक कामगार. काड्या जंतुमुक्त होत्या, डीएनएमुक्त नव्हत्या. यंत्रानं चूक केली नव्हती. त्यानं काडीवर जे होतं ते इमानानं वाचलं होतं.

म्हणून मी पुन्हा त्या खोलीपाशी येतो. डीएनए कोरड्यात टिकतो, ओलाव्यात सडतो. आपल्याकडे मृग लागल्यापासून हवा इतकी दमट की घरातल्या चपलांना बुरशी येते. रक्तानं भिजलेला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून सील केला, की आतल्या आत जिवाणूंची चंगळ होते आणि महिन्याभरात वाचण्याजोगं काही उरत नाही. तोच कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळला तर पन्नास वर्षांनी बोलतो. २०१२ मध्ये पेण तालुक्याच्या जंगलात जळलेले अवशेष मिळाले होते. त्यातली हाडं मुंबईला जे. जे. रुग्णालयात धाडली गेली आणि तीन वर्षांनी शीना बोरा प्रकरण उघडलं तेव्हा तपासाचा मोठा भार त्यांच्यावर आला. खटला न्यायालयापुढे आहे, दोषाविषयी मी बोलणार नाही. पण २०२४ मध्ये त्याच हाडांबद्दल आधी ती सापडत नाहीत, मग ती सापडली, असं न्यायालयात सांगावं लागलं, हे वाचून पोटात गोळा आला. इतक्या गाजलेल्या खटल्यात ही गत, तर सालेकशाच्या जंगलाकडेला सापडलेल्या अनोळखी बाईच्या पुडीचं काय?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेनं सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर जायलाच हवं असं म्हटलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुभा आहे. गोंदियाहून नागपूरची प्रयोगशाळा सुमारे १३० किलोमीटरवर, आणि देवरीच्या आतल्या गावातून गोंदियाच आधी लांब. तज्ज्ञ पोचेपर्यंत त्या जागेवर उभा असतो तो बीट जमादार, दोन पंच आणि कोतवाल किंवा पोलीस पाटील. पाऊस येतो का बघत. त्यांना कपडा कसा उचलायचा हे शिकवलेलं असेल तर बाकीचं सगळं पुढे होतं.

आणि मग ग्रामीण रुग्णालयाच्या मागे, शवविच्छेदनाच्या खोलीत, डॉक्टर हातमोजे बदलतात. नवी कात्री घेतात. उजव्या हाताची पाचही नखं कापून एका कोऱ्या कागदावर, कागदाची घडी, वर 'उजवा'. पुन्हा हातमोजे बदलतात. डाव्या हाताची दुसऱ्या कागदात. शिपाई मेणबत्तीवर लाख धरतो, शिक्का मारतो, गुन्हा नंबर लिहितो, तारीख घालतो, आणि वहीत सही करून पुड्या घेऊन जातो.